डिझेल गाड्या वाफेच्या इंजिनांनंतर आल्या? एक खुलासा

‘1968 मध्ये वाफेची इंजिनं बंद झाली आणि मग ब्रिटनमध्ये डिझेलच्या प्रवासी गाड्या आल्या,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. त्यातलं साल बरोबर आहे, म्हणूनच तो पटतो. पण ते साल वाफेच्या शेवटाचं आहे, डिझेलच्या सुरुवातीचं नाही.

इंग्लंडच्या स्लाऊ–रेडिंग भागात डिझेल रेलकार, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेला प्रवासी डबा, डिसेंबर 1933 मध्येच धावू लागली. 1954 मध्ये लीड्स–ब्रॅडफर्ड मार्गावर डब्याखालीच इंजिनं बसवलेल्या गाड्या आल्या. म्हणजे पुढची 14 वर्षं वाफेच्या आणि डिझेलच्या गाड्या शेजारीशेजारी धावल्या.

या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत एकेका मोटार डब्याखाली 150 अश्वशक्तीची, बसच्या जातीची दोन इंजिनं आणि चार गिअर असत. ड्रायव्हरने थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमीजास्त करणारा दांडा) बंद करायचा, इंजिनाचे फेरे उतरू द्यायचे आणि मगच गिअर बदलायचा. घाई केली की गाडीला हिसका बसे, गिअरबॉक्समधले पट्टे झिजत. जतन केलेल्या गाडीत बसलात तर कान द्या: आवाज चढतो, क्षणभर पडतो, पुन्हा चढतो. फार देखणा ठेका आहे तो!

पडताळणी सोपी आहे. जतन केलेला डबा कोणत्या साली बांधला ते बघा, किंवा 1968 च्या आधीचं छापील वेळापत्रक चाळा. डिझेल गाड्यांची नोंद तिथेच सापडते.