मंजुरी तुमच्या नावाची, प्लांट ऑपरेटरच्या हातात

सप्रेम नमस्कार.

बडोद्यात सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट आम्ही चालवतो. सोसायट्यांचे प्रमुख-मंत्री (म्हणजे अध्यक्ष-सचिव), दवाखाने, हॉटेलं आणि मकरपुऱ्यातले लहान कारखानदार अशा आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. गुजराती पत्रक आधीच वाटून झालं. मराठीत वेगळं काढायला दोन कारणं घडली. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची जुनी मंडळी आता नव्या फ्लॅटांत राहायला गेली आहेत आणि तिथल्या कमिटीवरही आहेत, त्यांनी हक्कानं सांगितलं, "आपल्या भाषेत द्या की!" दुसरं असं, की आमच्या ऑपरेटरांपैकी निम्म्याहून जास्त पोरं नवापूर-नंदुरबारकडची आहेत. त्यांनीही हे वाचावं आणि वाचून तुमच्याकडे हक्कानं हातमोजे मागावेत, अशी आमची इच्छा आहे.

करार करताना हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "तुमचा माणूस सर्टिफाइड आहे ना?" प्रश्न योग्य आहे. उत्तर मात्र हो-नाही इतकं सोपं नाही.

सर्टिफिकेट म्हणजे नेमकं कुठलं?

बॉयलर चालवायला कायद्यानं प्रमाणपत्र असलेला अटेंडंट लागतो. वायरमनला परवाना लागतो. सांडपाण्याचा प्लांट चालवणाऱ्याला मात्र आपल्या देशात असा एकच सक्तीचा परवाना नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत परीक्षा देऊन लायसन्स मिळवल्याशिवाय प्लांटचा ताबा मिळत नाही, आणि ते लायसन्स ठरावीक वर्षांनी प्रशिक्षणाचे तास भरून नवं करावं लागतं. आपल्याकडे ही जागा मोकळी आहे. म्हणून बऱ्याच ठिकाणी वॉचमनभाऊच सकाळी स्विच दाबतात आणि संध्याकाळी बंद करतात. त्यांची चूक नाही. त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

तरी कागद पाहायचेच असतील, तर हे पाहा. आयटीआयचा दोन वर्षांचा अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट हा ट्रेड आपल्या भागात नवा नाही. रिफायनरी आणि खत कारखान्यांमुळे बडोद्यात घरोघरी एखादा 'एओसीपी' सापडतो. त्याला पंप, व्हॉल्व्ह, पीएच हे सगळं येतं, फक्त घाण खाणाऱ्या जिवाणूंची ओळख करून द्यावी लागते. स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्स या संस्थेनं सांडपाणी प्लांटच्या हेल्परसाठी आणि टेक्निशियनसाठी वेगवेगळे अभ्यासक्रम ठरवले आहेत. दहा वर्षं काम केलेल्या पण हातात कागद नसलेल्या माणसाला त्याच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय, म्हणजे आरपीएल, कौशल्य विकास योजनेत आहे. गांधीनगरच्या 'गेमी' (गुजरात एन्व्हायर्न्मेंट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेतही प्रशिक्षण होतं. आणि वाचायचं एकच पुस्तक असेल, तर सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या पाणी-सांडपाण्याच्या तांत्रिक संस्थेचं सांडपाण्यावरचं २०१३चं मॅन्युअल. त्याचा दुसरा भाग सगळा चालवण्या-राखण्यावरच आहे. इंग्रजीत आहे आणि जाडजूड आहे, म्हणून त्यातलं रोजच्या कामाचं तेवढं आम्ही मराठीत हातानं उतरवून प्रत्येक पॅनलशेजारी लावलं आहे.

आमची परीक्षा: एक लिटरचा सिलिंडर

नवीन माणूस घेताना आम्ही त्याच्या हातात एक लिटरचा मोजपात्राचा सिलिंडर देतो आणि म्हणतो, एअरेशन टाकीतून, म्हणजे हवा सोडून जिवाणू पोसतात त्या टाकीतून, भरून आण. अर्धा तास ठेवायचा, हलवायचा नाही. गाळ कुठल्या रेघेपर्यंत बसला ते वाचायचं. समजा ३०० मिलीला बसला आणि लॅबनं टाकीतल्या जिवाणूंचं प्रमाण, म्हणजे एमएलएसएस, लिटरला ३,००० मिलिग्रॅम सांगितलं. मग ३०० गुणिले १,००० भागिले ३,०००, उत्तर १००, म्हणजे एक ग्रॅम गाळाला १०० मिली जागा. दीडशेच्या आत असेल तर साधारण बरं. दोनशेच्या वर गेलं की गाळ फुगलाय, बसत नाहीये, आणि थोड्याच दिवसांत तो बागेच्या पाण्यातून तुमच्या लॉनवर दिसेल.

पण आम्हाला आकड्यापेक्षा तो त्या अर्ध्या तासात काय करतो ते पाहायचं असतं. जाणकार माणूस सिलिंडरसमोर उकिडवा बसतो. गाळाचा रंग पाहतो: चॉकलेटी हवा, काळा नको. वरचं पाणी नितळ आहे की ढगाळ ते पाहतो. वास घेतो. चांगल्या टाकीला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, नासक्या अंड्याचा नाही. नवापूरचा एक पोरगा पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, हे तर ताकाच्या विरजणासारखं आहे, बिघडलं की बिघडलं." त्याच्याकडे तेव्हा एकही कागद नव्हता. आज आमचे तीन प्लांट तो एकटा पाहतो. कागद नंतर केला.

हा सिलिंडर तुम्हीही मागू शकता. कमिटीतल्या कुणीही आठवड्यातून एकदा खाली उतरून ऑपरेटरला "अर्ध्या तासाची टेस्ट दाखव" म्हणावं. दाखवता आली नाही, तर आम्हाला फोन करा. आमचा माणूस असला तरी करा.

रात्री ब्लोअर बंद ठेवण्याबद्दल

ही विनंती दर उन्हाळ्यात येते, आणि लाइट बिल पाहून आम्हाला ती समजतेही. प्लांटच्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग टाकीत हवा सोडणाऱ्या या ब्लोअरवरच जातो. पण त्या टाकीत लाखो-कोटी जीव श्वास घेतात. रात्री बारा ते सहा हवा बंद ठेवली, की हवेवर जगणारे दमतात आणि बिनहवेचे माजतात. सकाळी ब्लोअर सुरू केल्यावर जो वास पहिल्या मजल्यापर्यंत जातो, तो रात्रभर साठलेला असतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राहिला पाहिजे. तो मोजून, थोड्या-थोड्या वेळानं ब्लोअर थांबवता येतो. मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी बसवता येतो. टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्युझर चोंदले असतील, ते बदलले तरी बिल उतरतं. सहा तास सलग बंद मात्र आम्ही ठेवणार नाही; करारात तसं लिहिलेलं आहे.

नवरात्रात गरब्याच्या स्टॉलवाल्यांना तळणाचं तेल गटारात ओतू देऊ नका. संडास ॲसिडनं धुण्याची हौस थोडी आवरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्धी सोसायटी गावी गेली, की टाकीतल्या जिवाणूंची उपासमार होते, तेव्हा गाळ कमी काढायचा असतो. हे शिकलेल्या ऑपरेटरला आपोआप सुचतं.

आकडे कुठले लागू?

१३ ऑक्टोबर २०१७च्या केंद्राच्या अधिसूचनेनं एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधून, बाहेर पडणाऱ्या पाण्याची मानकं ठरवली: मुंबई-अहमदाबादसारख्या महानगरांत बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला २० मिलिग्रॅम, आपल्यासारख्या इतर शहरांत ३०, तरंगता गाळ अनुक्रमे ५० आणि १०० पर्यंत, पीएच ६.५ ते ९. पुढे ३० एप्रिल २०१९ला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं आदेश देऊन याहून कडक आकडे सांगितले, बीओडी १० पर्यंत. मग आपण कुठला धरायचा? तुमच्या सीसीएवर, म्हणजे गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मंजुरीपत्रावर, जो छापला आहे तो. कृपया ते पत्र फाइलमधून काढून एकदा वाचा. पुष्कळ जणांना त्याची मुदत कधी संपते हेही माहीत नसतं. नूतनीकरण मंडळाच्या एक्सजीएन पोर्टलवर करायचं असतं आणि पासवर्ड जुन्या बिल्डरकडे असतो, ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा पाहिली आहे की आता हसूही येत नाही.

त्या पत्रावर नाव तुमचं असतं. आमचं नाही, ऑपरेटरचंही नाही. दंडाचा हिशेब कसा बसतो ते एकदा पाहून ठेवा. हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं पर्यावरण भरपाईचं सूत्र काढलं: प्रदूषणाचा अंक, दिवस, दर, आकार आणि लोकसंख्या यांचा गुणाकार. ऑरेंज, म्हणजे मध्यम प्रदूषणाच्या, गटातला लहान कारखाना धरा. अंक ५०, दर २५० रुपये, लहान म्हणून ०.५, बडोद्याच्या लोकसंख्येमुळे १.२५. दिवसाला ७,८१२ रुपये ५० पैसे. महिनाभर प्लांट नापास राहिला तर २,३४,३७५. सूत्रानं रक्कम कितीही कमी आली, तरी दिवसाला ५,००० रुपयांच्या खाली जात नाही. महिन्याभराच्या या रकमेत चांगल्या ऑपरेटरचा किती महिन्यांचा पगार निघतो, ते तुम्हीच करून पाहा.

रिपोर्टबद्दलही थोडं. बीओडीची चाचणी म्हणजे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवणं. सकाळी बाटली नेऊन संध्याकाळी बीओडीचा रिपोर्ट देणाऱ्यानं चाचणी केलेलीच नाही. आम्ही एक प्लांट ताब्यात घेतला, तेव्हा आधीच्या ठेकेदाराचे रिपोर्ट पाहिले: वर्षभर बीओडी २. इतकं स्वच्छ पाणी त्या प्लांटमधून निघणं शक्यच नव्हतं. बाटली नळाखाली भरली जात होती. त्यामुळे फार सुंदर रिपोर्ट आला तरी विचारा.

टाकीत कुणीही उतरणार नाही

इथे आम्ही ऐकत नाही. टाकीत साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा वास थोड्या प्रमाणात नकोसा वाटतो. हवेत दहा लाखाला शंभर भाग झाले, की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. माणूस म्हणतो, "आता बरं आहे," आणि खाली उतरतो. तो पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. हा वायू हवेपेक्षा जड आहे, तळाशी बसून राहतो.

हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्यानं गटार आणि सेप्टिक टाकीत कुणालाही धोकादायक पद्धतीनं उतरवायला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठेकेदारामार्फत काम करून घेतलं म्हणून सुटका नाही. कायद्यात 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' असे शब्द आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २० ऑक्टोबर २०२३ला अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. आमच्या प्लांटमधल्या कलेक्शन टाकीलाही आम्ही हाच नियम लावतो. गॅस मीटर, बाहेरून हवा मारणारा ब्लोअर, ट्रायपॉड आणि दोर, वर दोन माणसं आणि ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर. यातलं एक नसलं तरी झाकण लावून आम्ही परत जातो आणि गाळ ओढायला सक्शन टँकर बोलावतो. टँकरचं बिल वेगळं लागेल. त्यावर घासाघीस करू नका.

पुराबद्दल

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा आमच्या दोन तळघरांतले प्लांट पाण्याखाली गेले. मगरी रस्त्यावर आल्या त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, बुडालेल्या पॅनलचे कुणी पाहिले नाहीत. मोटारी पुन्हा वाइंडिंग करून आणल्या, पण टाकीतलं विरजण वाहून गेलं होतं. दुसऱ्या प्लांटमधून टँकरभर गाळ आणून टाकला, तरी पाणी जागेवर यायला तीन आठवडे लागले. तळघरात प्लांट असलेल्यांनी पॅनल तरी वर चढवून घ्यावा. अंदाजपत्रक मागितलंत तर आठवड्यात देऊ.

ऑपरेटरच्या प्रशिक्षणाबद्दल

आमचा कुठलाही नवा माणूस तीन महिने जुन्याच्या हाताखाली काढल्याशिवाय एकटा पाळीवर जात नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी आमच्या गोदामात दोन तासांचा वर्ग असतो: सिलिंडर, क्लोरीनची टेस्ट, लॉगबुक कसं लिहायचं, पॅनल ट्रिप झाला तर काय करायचं. तुमचा प्लांट आम्ही चालवत नसलो, तरी तुमच्या माणसाला पाठवा. वॉचमनभाऊ असतील तर त्यांनाही. फी नाही, चहा आमच्याकडून. नाव आदल्या दिवशी बिलावरच्या नंबरवर कळवा, आणि येताना गेल्या महिन्याचं लॉगबुक सोबत द्या. कोरं असलं तरी चालेल, तिथूनच सुरुवात करू.