‘दिसतंय की चांगलं!’ मग पडद्याचा फोटो कशाला?

बीड-परभणीकडच्या नेत्रशिबिरात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दोनच गोष्टी कळून घ्यायच्या असतात: चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू. ‘शुगर आहे ना, पडद्याचा फोटो काढू’ म्हटलं, की ठरलेलं उत्तर येतं, ‘मला दिसतंय की चांगलं!’ मेख इथंच आहे. मधुमेहानं पडदा, म्हणजे दृष्टिपटल, खराब होऊ लागतं तेव्हा बराच काळ ना दुखतं, ना अंधूक दिसतं. तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचणाऱ्याच्या पडद्यावरही रक्ताचे ठिपके असू शकतात.

फंडस कॅमेरा बाहुलीतून आत डोकावून त्या पडद्याचा फोटो घेतो. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले तर फोटो स्वच्छ येतो. मात्र पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उन्हानं डोळे दिपतात. तेव्हा परतताना मोटारसायकल दुसऱ्याच्या हाती द्यावी. निरोगी पडदा फोटोत नारिंगी दिसतो. नाकाच्या बाजूला फिकट पिवळी चकती, तिथून फुटलेल्या रक्तवाहिन्या आणि मधोमध गडदसर मॅक्युला. सुईत दोरा ओवतो तो याच्याच जोरावर. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, की बारीक वाहिन्या उन्हानं जुनाट झालेल्या ठिबकच्या नळीसारख्या जागोजागी फुगतात, पाझरतात. फुगवटे म्हणजे ते लाल ठिपके, पाझरलेली चरबी म्हणजे पिवळे मेणचट डाग. फोटो हिरव्या प्रकाशात घेतला तर रक्त काळं उठून दिसतं. पुढं वाहिन्या बुजतात, ऑक्सिजनसाठी तहानलेल्या पडद्यावर नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव झाला की दृष्टी एका रात्रीत जाऊ शकते. या नव्या वाहिन्या वेळीच दिसल्या तर लेझर किंवा इंजेक्शननं आवरता येतात.

फोटो सपाट असतो, त्यात सूज नीट कळत नाही. त्यासाठी 1991 साली जगासमोर आलेली ओसीटी तपासणी आहे. प्रकाशाच्या परावर्तनावरून ती पडद्याचा उभा छेद दाखवते, साचलेलं पाणी काळ्या पोकळ्यांसारखं दिसतं आणि जाडी मायक्रॉनमध्ये मोजता येते. इंजेक्शन लागू पडलं की नाही, हे या आकड्यावरून ठरतं.

फोटो वाचायला आता संगणकही शिकलाय. असं स्वतंत्रपणे निदान करणाऱ्या पहिल्या प्रणालीला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2018 मध्ये मान्यता दिली. पडद्याचे डॉक्टर तालुक्याला सहसा नसतात, त्यामुळं आपल्याकडं याचा उपयोग मोठा. पण मोतीबिंदू पिकलेला असेल तर कॅमेऱ्यालाच आतलं धुरकट दिसतं. तिथं संगणक काय वाचणार? अशा माणसाला डॉक्टरकडंच पाठवावं लागतं.

प्रौढपणी होणाऱ्या, म्हणजे टाइप 2 मधुमेहात निदान होताच पहिली तपासणी आणि पुढं साधारण दरवर्षी. बिघाड दिसला तर त्याहून लवकर. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी ती कोयता उचलण्याआधीच, दसऱ्याच्या आत उरकलेली बरी. आणि जुना फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवावा. कारखान्याच्या गावी नवा डॉक्टर गाठायची वेळ आली, तर नवे ठिपके कुठले आणि मागचे कुठले, हे त्याला त्यावरूनच कळतं.