एन्व्ही की जेलसी?

ऐरोलीच्या आयटी पार्कात कुणाला ऑनसाइट, म्हणजे परदेशातल्या क्लायंटकडे जाऊन काम, मिळालं की ग्रुपवर 'सो जेलस!' हमखास पडतं. चालतं. गप्पांमध्ये खुद्द इंग्रजी बोलणारेही हेव्याला सर्रास जेलस म्हणतात. परीक्षेत किंवा सीव्हीत मात्र एन्व्ही आणि जेलसी यांतला फरक पाळावा.

ओळखायची सोपी खूण म्हणजे माणसं मोजा. एन्व्हीत दोघं असतात: तुम्ही, आणि तुम्हाला हवं ते ज्याच्याकडे आहे तो. मित्राने घोडबंदर रोडला थ्री बीएचके घेतला आणि तुम्ही अजून कळव्यात भाड्याने राहताय, ही एन्व्ही, साधा हेवा. जेलसीत तिसरा येतो, आणि जे जाईल अशी भीती असते ते आधीच तुमचं असतं. मोठ्या क्लायंटचं काम साहेब तुम्हालाच द्यायचे, आता नव्या मुलाला देऊ लागले, की जे डाचतं ती जेलसी. 1993 साली पॅरट आणि स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही भावना वेगळ्या काढून पाहिल्या. एन्व्हीत कमीपणा आणि आस ठळक दिसली, जेलसीत अविश्वास आणि गमावण्याची धास्ती. नव्या मुलाचं इंग्रजी तुमच्यापेक्षा चांगलं असेल तर दोन्ही एकदमच वाटतात, घोळ होतो तो इथेच.

जेलसीत आपलं ते जपणं आहे, म्हणून 'जेलसली गार्डेड' हा प्रयोग चांगल्या अर्थानेही येतो. ठाण्यातल्या एखाद्या मिसळवाल्याने मसाल्याचं प्रमाण घराबाहेर जाऊ दिलं नाही, तर ते जेलसली गार्डेड. इथे एन्व्ही बसत नाही.

व्याकरणात जास्त पाय घसरतो. एन्व्ही हे क्रियापदही आहे: 'आय एन्व्ही यू', मध्ये 'ऑफ' नको. जेलस विशेषण आहे, त्याला 'ॲम' किंवा 'फील' लागतं आणि पुढे 'ऑफ'. आपण माणसा'वर' जळतो, त्यामुळे 'जेलस ऑन हिम' तोंडात येतं. ते चूक. 'आय ॲम जेलसी' तर नकोच, जेलसी नाम आहे.

सीव्हीतली चूक सगळ्यात महाग: 'एन्व्हियस ट्रॅक रेकॉर्ड'. एन्व्हियस म्हणजे हेवा करणारा, आणि रेकॉर्ड बिचारं कुणाचा हेवा करणार? इतरांना हेवा वाटावा असं असेल ते एन्व्हिअबल. त्याच्या उलट अनएन्व्हिअबल, जे कुणालाच नको असतं ते. भर पावसात गायमुख घाटात ट्रॅफिक सोडवणाऱ्या हवालदाराची ड्युटी, उदाहरणार्थ.