रास्पबेरी पायवर गोल्फचा लाँच मॉनिटर बसवताना

गोल्फमध्ये क्लब आणि चेंडूचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात चेंडूचा वेग, वर चढण्याचा कोन, डावी-उजवीकडची दिशा आणि फिरकी ठरून जाते. या चार गोष्टी मोजून चेंडू कुठे जाऊन पडेल याचं गणित मांडणारं यंत्र म्हणजे लाँच मॉनिटर. रडारवर किंवा वेगवान कॅमेऱ्यांवर चालणारी तयार यंत्रं महाग असतात. पण हेच काम रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणक-बोर्डवर, दोन साध्या कॅमेऱ्यांच्या आणि इन्फ्रारेड दिव्यांच्या मदतीने करता येतं, हे पायट्रॅक या मुक्त स्रोत प्रकल्पाने दाखवलं आहे.

आधी आकडे पाहू. ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबने, जोरात मारलेला चेंडू सेकंदाला ७० मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरने निघतो. रास्पबेरी पायसाठी मिळणारा ग्लोबल शटर कॅमेरा (सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा) पूर्ण चौकटीत सेकंदाला ६० चित्रं घेतो. दोन चित्रांच्या मधल्या वेळात चेंडू मीटरभराहून जास्त पुढे गेलेला असतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. दुसरं चित्र घ्यायला तो हाती लागतच नाही.

म्हणून चित्रं वाढवायची नाहीत, उजेड तोडायचा. अंधारात शटर एकदाच उघडं ठेवायचं आणि तेवढ्यात दिवा पुन्हापुन्हा क्षणभर लावायचा, की एकाच चित्रात चेंडूच्या अनेक जागा उमटतात. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात याच युक्तीने गोल्फपटूंच्या फटक्यांची छायाचित्रं घेतली होती. दिवा २० मायक्रोसेकंदच लागला, तर तेवढ्यात चेंडू १.४ मिलिमीटर सरकतो आणि चित्र पुरेसं ठसठशीत येतं. दोन चमकांमध्ये एक मिलिसेकंदाचं अंतर ठेवलं तर चेंडूच्या दोन प्रतिमा ७० मिलिमीटरवर पडतात. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, त्यामुळे त्या एकमेकींवर चढत नाहीत. हळू जाणाऱ्या चेंडूच्या प्रतिमा मात्र चढतात, म्हणून फटक्याच्या अंदाजे वेगाप्रमाणे चमकांची मालिका बदलावी लागते. मालिकेतली अंतरं मुद्दाम असमान ठेवतात, म्हणजे कोणती प्रतिमा कितव्या चमकेची हे नंतर ओळखता येतं.

सॉफ्टवेअर बसवायला घेतल्यावर सुरुवातीचं काम नेहमीचंच असतं. कार्डवर ६४-बिट रास्पबेरी पाय ओएस टाकायची, ती अद्ययावत करायची, मग ओपनसीव्ही, बूस्ट वगैरे लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारे तयार कोडचे संच, चढवायच्या. या लायब्ररी स्वतः कंपाइल करायच्या, म्हणजे मूळ कोडवरून चालण्याजोग्या बनवायच्या असतील तर घाई नको. कमी मेमरीच्या बोर्डवर प्रोसेसरचे चारही कोअर एकदम जुंपले की मेमरी संपते आणि लिनक्स (या ओएसचा गाभा) कंपायलरलाच मधे बंद करतं. स्क्रीनवर ‘किल्ड’ एवढाच शब्द दिसतो आणि दोष कोडमध्ये आहे असं वाटत राहतं. अशा वेळी एका वेळची कामं कमी करायची, स्वॅप (मेमरी कमी पडल्यावर वापरायची कार्डवरची जागा) वाढवायचा आणि पुन्हा सुरू करायचं. लायब्ररीची आवृत्ती प्रकल्पाने सांगितलेलीच घ्यावी. नवी ती चांगली, हा हिशेब इथे चालत नाही.

खरी कसोटी कॅमेऱ्यापाशी लागते. पहिला कॅमेरा ठेवलेल्या चेंडूकडे टक लावून असतो. त्याची चौकट अगदी लहान केलेली असते, त्यामुळे तो सेकंदाला शेकडो चित्रं घेऊ शकतो. चेंडू हलला रे हलला की बोर्ड दुसऱ्या कॅमेऱ्याच्या ट्रिगरच्या तारेवर इशारा देतो. त्यासाठी दुसरा कॅमेरा ट्रिगर मोडमध्ये घालावा लागतो. या मोडमध्ये तो इशाऱ्याशिवाय एकही चित्र देत नाही, त्यामुळे साधी चाचणी घेताना कॅमेरा बिघडला असा समज होतो. केबल उचकटण्याआधी मोड तपासावा. शिवाय या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच मुळातच बसवलेली असते, ती काढून दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर लावावा लागतो. खोलीत ऊन येत असेल तर त्यातलं इन्फ्रारेडही चित्रात उतरतं, म्हणून पडदा हवा.

यात मला सर्वांत सुंदर वाटतो तो चमका मोजून देण्याचा भाग. लिनक्स एकाच वेळी अनेक कामं सांभाळतं आणि चालू प्रोग्रॅमला मधेच थांबवू शकतं. प्रोग्रॅमने ‘दिवा लाव, वीस मायक्रोसेकंद थांब, विझव’ असं सांगितलं तरी तो मधे किती रखडेल याचा भरवसा नाही. त्यावर पायट्रॅकमध्ये एसपीआयचा आधार घेतला आहे. एसपीआय म्हणजे चिपांमध्ये माहितीची देवाणघेवाण करणारी तार. तिच्यावर बिट, म्हणजे एक किंवा शून्य, ठरावीक ठोक्याने बाहेर पडतात आणि तो ठोका हार्डवेअरचा असतो. समजा, दर बिटला एक मायक्रोसेकंद लागतो. मग ‘एक’ हा बिट २० वेळा पाठवला की दिवा २० मायक्रोसेकंद लागतो, त्यामागे हजार शून्यं पाठवली की एक मिलिसेकंद अंधार. माहिती वाहून न्यायची तार इथे घड्याळ झाली आहे.

फिरकीचं गणित त्याच चित्रातून निघतं. मिनिटाला ३,००० फेरे घेणारा चेंडू एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. चेंडूवरचे खळगे गॅबर फिल्टरने (चित्रातल्या कडा आणि पोत टिपणाऱ्या गणिती चाळणीने) उठावदार करतात आणि पहिली प्रतिमा त्रिमितीत कितपत फिरवली की ती दुसरीशी जुळते, हे संगणक शोधतो.

अंतर काढायला चेंडूचा व्यासच पट्टीचं काम करतो. प्रतिमा जितकी लहान, तितका चेंडू लांब. पण भिंग चित्राच्या कडा वाकवतं, म्हणून बुद्धिबळासारख्या चौकड्यांच्या पटाची छायाचित्रं घेऊन आधी कॅलिब्रेशन, म्हणजे ही वाकणूक मोजून दुरुस्त करण्याचं काम, करावं लागतं. हा टप्पा कंटाळवाणा असला तरी उरकून टाकू नये. दिशेत एक अंशाची चूक राहिली तर १८० मीटरवर ती तीन मीटरहून मोठी होते.

दिव्यांची जोडणी अगदी शेवटी करावी. हे एलईडी क्षणभरासाठी भरपूर करंट घेतात. प्रोग्रॅम अडकून दिव्यांना जोडलेली बोर्डची पिन चालूच राहिली तर ते जळतात. इन्फ्रारेड दिसत नसल्यामुळे डोळ्याची बाहुलीही आपोआप आकसत नाही, तेव्हा चालू दिव्याकडे जवळून पाहू नये.

मग एक हलका फटका मारावा आणि आकड्यांआधी साठवलेलं चित्र उघडावं. त्यात प्रतिमा किती उमटल्या, त्यांची अंतरं ठरवलेल्या मालिकेशी जुळतात का, कडा पुसट आहेत का, हे बघावं. प्रतिमा हव्या त्यापेक्षा कमी असतील तर इशारा उशिरा पोचतो आहे. कडा पुसट असतील तर चमक लांबली आहे किंवा फोकस हललाय. चित्र चोख असूनही वेग चुकत असेल, तर चौकड्यांचा पट पुन्हा बाहेर काढावा.