महाराष्ट्र परिक्रमा (मोटारसायकल)

महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या रस्त्यांनी, कोणत्याही प्रवासी कंपनीच्या भरवशावर न राहता, स्वतः मार्ग आखून केलेला लांब पल्ल्याचा दुचाकी प्रवास. राज्याचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आणि किनारपट्टी सुमारे ७२० किलोमीटर आहे. सीमेला धरून जाणारे राज्यमार्ग व जिल्हामार्ग घेतले तर पूर्ण फेरा साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढे जातो. रोज दोनशे-अडीचशे किलोमीटरची मजल आणि मधून एखादा दिवस विश्रांती धरली, तर तीन आठवडे हाताशी असावेत. ठरावीक वाट, नोंदणी किंवा प्रमाणपत्र असे काही नसते. जो तो आपल्या गावातून निघतो आणि फेरा पुरा करून तिथेच परततो.

या प्रवासाचे रूप एका बंदीने घडवले आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, वांद्रे–वरळी सागरी सेतू आणि २०२४ साली खुला झालेला अटल सेतू या साऱ्यांवर दुचाकीला मज्जाव आहे. राज्य झपाट्याने ओलांडून जाण्याची सोय मोटारींना मिळाली, दुचाकीस्वार मात्र तालुक्याच्या बाजारातून, एसटी स्टँडवरून, शाळा सुटण्याच्या गर्दीतून जातो. वेळ जास्त लागतो हे खरेच. पण राज्य बघायचे असेल तर हाच रस्ता उजवा, आणि परिक्रमेची सारी गोडी त्यातच आहे.

मार्ग

प्रदक्षिणेच्या रीतीने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फेरा घालणे सोयीचे. वाहतूक डावीकडून चालत असल्याने सीमेकडची बाजू सतत आपल्या हाताला राहते आणि शेवटी कोकणातून वर येताना समुद्रही डावीकडेच असतो.

पालघर जिल्ह्यातील तलासरीहून जव्हार, सुरगाणा करत वाट नवापूरला पोहोचते. नवापूर रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे. पुढे अक्कलकुवा, धडगाव आणि तोरणमाळ हा सातपुड्यातला टप्पा वळणावळणाचा व चढाचा. तोरणमाळ उतरल्यावर शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर अशी केळीच्या बागांमधली सपाट दौड मिळते. सीमा तंतोतंत पाळता येत नाही, हे इथे पहिल्यांदा जाणवते: रावेरहून मेळघाटातल्या धारणीला जायचे तर मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरातून जाणे सोपे पडते. धारणी, हरिसाल, सेमाडोह, परतवाडा हा रस्ता व्याघ्र प्रकल्पातून जातो. तो उजेडातच पार करावा. मग वरूड, सावनेर, रामटेक, तुमसर करत गोंदिया.

गोंदियाच्या दक्षिणेला देवरी, कोरची, कुरखेडा, धानोरा असा जो पट्टा सुरू होतो, तो या फेऱ्यातला सर्वांत मोलाचा. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा माओवादी हालचालींमुळे अनेक वर्षे बाहेरच्या प्रवाशांनी टाळला. आलापल्लीला टाकी भरून घ्यावी, कारण पुढे पंपांचा भरवसा नाही. तिथून सागाच्या जंगलातून वाट भामरागडला जाते. भामरागडच्या थोडे अलीकडे हेमलकसा लागते, जिथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटत आला आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे या रस्त्याने निघाले तर मोहाच्या झाडांखाली टोपल्या घेऊन फुले वेचणारी कुटुंबे दिसतात. अशा वेळी गाडी हळू घ्यावी, कारण मुले रस्त्यावरची फुलेही वेचत असतात. आलापल्लीला परत येऊन सिरोंचाकडे वळले की दुकानांत तेलुगू ऐकू येऊ लागते. प्राणहिता आणि गोदावरी यांचा संगम इथला. राज्याचे हे टोक बहुतेक जण नकाशावरच पाहतात. ज्याला परिक्रमेतले एकच ठिकाण निवडायचे असेल, त्याने सिरोंचा निवडावे.

तिथून तेलंगणातल्या आदिलाबादमार्गे किनवट गाठता येते. माहूर, धर्माबाद, बिलोली, देगलूर, उदगीर, उमरगा, अक्कलकोट हा टप्पा सपाट आणि भराभर उरकणारा. भाषा मात्र हळूहळू तेलुगूकडून कन्नडकडे सरकते. मंगळवेढा, जत, मिरज, गडहिंग्लज, चंदगड करत तिलारी घाटाने दोडामार्गला उतरले की कोकण. हा घाट अरुंद आणि फार तीव्र उताराचा आहे. सामान लादलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच ठेवावी, नुसत्या ब्रेकवर उतरू नये. रेडीच्या पुढे, तेरेखोल नदीच्या याच तीरावर असूनही, तेरेखोलचा किल्ला गोव्याच्या हद्दीत आहे.

किनाऱ्याने उत्तरेला येताना खाड्या आडव्या येतात. जयगड–तवसाळ, धोपावे–दाभोळ, वेशवी–बागमांडला आणि दिघी–आगरदांडा या जागी फेरीबोटीने गाडी पलीकडे नेता येते आणि महामार्गापर्यंतचा मोठा वळसा वाचतो. बोटीत आधी मोटारी चढतात, मग उरलेल्या फटींमध्ये दुचाकी. ओहोटीला धक्क्याच्या उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि शेवाळाने निसरडा झालेला असतो. तिथे पुढचा ब्रेक दाबू नये, पाय टेकत सावकाश जावे. बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवून तिच्याजवळच उभे राहावे. मांडव्याला आल्यावर मुंबईत शिरायला भाऊच्या धक्क्याची रो-रो बोट आहे. ती दुचाकीही नेते.

गाडी आणि रस्ता

मोठी, महागडी गाडीच लागते हा समज चुकीचा आहे. शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडी या रस्त्यांना पुरते, तिचे सुटे भाग कोणत्याही तालुक्याला मिळतात आणि तिचे काम न येणारा मेकॅनिक सापडणे कठीण. जुने स्वार नवी क्लच वायर जुनीच्या शेजारी आधीच ओवून ठेवतात. वायर तुटली की दोन्ही टोके बदलली, काम झाले. चेन रोज संध्याकाळी गाडी गरम असतानाच पुसून तेल लावावे. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी हवेच. हेल्मेट १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही. नाक्याच्या अगदी डावीकडे तिच्यासाठी चिंचोळी वाट सोडलेली असते.

धोके ऋतूप्रमाणे बदलतात. गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो, आणि अंधारात ट्रॉली दिसते तेव्हा थांबायला जागा उरलेली नसते. सूर्यास्तानंतर गाडी न चालवण्याचा नियम या एका कारणासाठीही पाळावा. ऑक्टोबरात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेले असते. दाण्यांवरून चाक घसरते आणि शेतकऱ्याच्या मालाचेही नुकसान होते, म्हणून कडेने जावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात आणि वादळी हवेत फेरीबोटी बंद राहतात. डिसेंबरात पहाटेचे धुके विरेपर्यंत चहाच्या टपरीवर थांबावे.

मुक्कामाची सोय जिल्ह्याच्या गावी सहज होते, माहूर आणि अक्कलकोटला भक्तनिवास आहेत. धडगाव, भामरागड, सिरोंचा इथे खोल्या मोजक्या, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून ठरवावे आणि गाडी आत लावायला जागा आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.