सातशे सैनिक लढाईतच पडले का?

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) हजार जणांनिशी निघालेल्या पायदळ रेजिमेंटमधील तीनशेच परतले, म्हणजे बाकीचे सातशे लढाईत मारले गेले, असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे.

उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या बाजूने लढणाऱ्या, रेजिमेंटमध्ये साधारण शंभर जणांच्या दहा कंपन्या (तुकड्या) असत, तेव्हा हजाराचा आकडा ठीक आहे. चूक होते ती वजाबाकीचा अर्थ लावताना. कमी झालेल्यांत आजारपणामुळे सेवामुक्त झालेले, बदली झालेले, मुदत संपलेले, कैद झालेले आणि पळून गेलेलेही असत. मृतांतही रोगांचे बळी अधिक होते: उत्तरेच्या सुमारे ३,६०,००० मृतांपैकी लढाईत किंवा जखमांनी दगावलेले सुमारे १,१०,००० होते, तर रोगाने गेलेले २,२०,००० हून अधिक. छावणीतील दूषित पाण्यामुळे हगवण आणि विषमज्वर पसरत. लहानपणी गोवर न आलेली खेड्यांतील कित्येक मुले तर छावणीत गोवर होऊन एकही गोळी न झाडता मरण पावली, आणि शौर्यकथांत त्यांची आठवण क्वचितच निघते, हे मला फार खटकते.

पडताळणी सोपी आहे. रेजिमेंटच्या छापील सेवा-इतिहासाच्या शेवटी लढाईतील आणि रोगाने झालेले मृत्यू बहुधा वेगवेगळे नोंदवलेले असतात; आधी ते पाहावेत, मग हजेरीपटातील प्रत्येक नावापुढचा शेरा वाचावा.