साताची तलवार, साडेसहाची कुऱ्हाड

फासे टाकून साहसकथा खेळायच्या खेळात नवीन कॅरेक्टर बनवताना वंश ठरतो, वर्ग (योद्धा, जादूगार वगैरे) ठरतो, नाव ठरतं, लहानपणी आईबापांना कुणी मारलं तेही ठरतं. (आईबाप जिवंत असलेलं कॅरेक्टर मी अजून पाहिलेलं नाही.) मग हत्यारांचा तक्ता समोर येतो आणि टेबलावर शांतता पसरते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत दोन हातांनी पेलायच्या मोठ्या तलवारीपुढे '२ डी ६' असं लिहिलेलं आहे. म्हणजे दोन सहापैलू फासे टाकायचे आणि बेरीज करायची. मोठ्या कुऱ्हाडीपुढे आहे '१ डी १२', एकच बारापैलू फासा. जास्तीत जास्त डॅमेज, म्हणजे शत्रूला होणारी इजा, दोघींचं १२. घ्यायचं काय?

बहुतेक जण इथे सरासरी काढतात. तलवारीची येते ७, कुऱ्हाडीची ६.५. अर्धा गुण जास्त म्हणून तलवार कमरेला लागते आणि विषय संपतो. गणितात काही चूक नाही, पण लढाईत शत्रूला सरासरी लागत नसते. त्याला लागतो तो त्या फेकीत पडलेला आकडा.

दोन फाशांची बेरीज ७ यायला ६ वाटा आहेत: एक-सहा, दोन-पाच, तीन-चार आणि त्यांच्या उलट्या जोड्या. १२ यायला मात्र एकच वाट, सहा-सहा. एकूण जोड्या ३६. त्यामुळे तलवारीचे आकडे मधे गर्दी करतात आणि दोन्ही टोकांना विरळ होत जातात. बारापैलू फाशाला असा मधला ओढा नाही. त्याला १ काय, ७ काय आणि १२ काय, सगळे सारखेच. म्हणून कुऱ्हाड १२ चा घाव सरासरी १२ फेकींत एकदा देते, तलवार ३६ फेकींत एकदा. उलट ३ किंवा त्याहून कमी असा फुसका घाव कुऱ्हाडीच्या नशिबी ४ फेकींत एकदा, तलवारीच्या १२ फेकींत एकदा. तलवार महिन्याच्या महिन्याला पगार आणते, कुऱ्हाड लॉटरीचं तिकीट काढते.

आता समोर गॉब्लिन उभा करू. त्याच आवृत्तीत त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती डॅमेज झालं की तो पडतो तो आकडा, ७. आपल्या कॅरेक्टरच्या ताकदीचे ३ गुण प्रत्येक घावात मिळवले, की फाशावर फक्त ४ हवेत. तलवारीने हे ३६ पैकी ३३ वेळा जमतं, म्हणजे जवळजवळ ९२ टक्के. कुऱ्हाडीने १२ पैकी ९ वेळा, ७५ टक्के. सरासरीतल्या अर्ध्या गुणामागे एवढी दरी लपलेली असते! आता गॉब्लिनाच्या जागी १४ हिट पॉइंटांचा कुणी दांडगट आणा. एक घाव दोन तुकडे करायचे तर फाशावर ११ हवेत. तलवारीला ते ८ टक्के वेळा साधतं, कुऱ्हाडीला जवळपास १७ टक्के. पारडं फिरलं, तेही दुपटीने. किरकोळ शत्रूंची फौज असेल तर तलवार, आणि एका घावावर सगळं अवलंबून असेल तर कुऱ्हाड.

आणि समोर दोनशे हिट पॉइंटांचा ड्रॅगन असेल तर? तिथे वीस-पंचवीस घाव घालावे लागणार. इतक्या फेकींची बेरीज होताना चढउतार एकमेकांना बऱ्यापैकी खाऊन टाकतात आणि मागे उरते ती सरासरी. तो अर्धा गुण कामाला येतो तो असा, लांबलचक लढाईत. नेमकं जिथे आपण तो मोजत बसतो, त्या छोट्या चकमकींत तो सगळ्यात निरुपयोगी असतो.

हे सगळं घाव लागल्यावरचं. आधी तो लागायला हवा, आणि ते ठरवतो शत्रूच्या चिलखताविरुद्ध टाकलेला वीसपैलू फासा. त्याच २०१४ च्या आवृत्तीतल्या 'ग्रेट वेपन मास्टर' या फीटवरून (फीट म्हणजे कॅरेक्टरला मिळणारं खास कसब) टेबलावर होणारी भांडणं मी खूप ऐकली आहेत. मोठं हत्यार असेल तर नेमातले ५ कापून घ्यायचे आणि डॅमेजमध्ये १० वाढवायचे, असा तो सौदा. वीसपैलू फाशावर ५ म्हणजे २५ टक्के. समजा घावाचं सरासरी डॅमेज १० आहे. नेम लागण्याची शक्यता ६५ टक्के असेल तर साध्या घावाची अपेक्षित कमाई ६.५ आणि सौद्याची, ४० टक्के गुणिले २० म्हणजे ८. सौदा फायद्याचा. शक्यता ४० टक्के असेल तर साधा घाव ४ देतो आणि सौदा १५ टक्के गुणिले २०, म्हणजे ३. दोन्ही बाजू बरोबर ५० टक्क्यांवर जुळतात. म्हणजे ढिल्या चिलखतावर जुगार खेळा, पोलादी शत्रूपुढे निमूट घाव घाला. आमच्यातले शूरवीर नेमकं उलटं करतात, कारण शत्रू जेवढा भारी तेवढी मोठा घाव घालण्याची खुमखुमी जास्त.

तक्त्यात अगदी केविलवाणी दिसणारी गदा घ्या. एका हाताची, १ डी ६. पण सांगाड्याला बोथट माराचं डॅमेज दुप्पट होतं. त्याचे हिट पॉइंट १३. ताकदीचे तेच ३ गुण धरून गदेला एका घावात त्याचा चुरा करायला फाशावर ४ पुरतात, म्हणजे निम्म्या वेळा. मोठ्या तलवारीला त्याच सांगाड्यासाठी १० हवेत आणि ते ३६ पैकी ६ वेळाच पडतात. अर्ध्या किमतीचं दिसणारं हत्यार इथे तिप्पट खात्रीचं ठरतं. शिवाय दुसरा हात मोकळा राहतो आणि त्यात ढाल येते. ढालीचे २ गुण म्हणजे शत्रूचा नेम १० टक्क्यांनी घटतो. ज्याचे घाव ५० टक्के लागत होते त्याचे ४० टक्के लागतील, पण आधीच भक्कम चिलखत घातलं असेल आणि घाव २० टक्केच लागत असतील, तर ते १० वर येतात. मार थेट निम्मा! ढालीची खरी चैन ज्याच्या अंगावर आधीच पोलाद आहे त्यालाच.

बोथट आणि धारदार हा भेद काही हवेतून आलेला नाही. पातं कापतं, कारण सगळं बल एका बारीक रेषेवर एकवटतं. पोलादाचा वक्र पत्रा तेच बल पसरवतो आणि घाव बाजूला निसटू देतो. गदा कापायच्या फंदातच पडत नाही. टोकाला असलेल्या वस्तुमानाचा सगळा संवेग ती चिलखतापलीकडे पोहोचवते, पत्रा फार तर चेपतो आणि आतलं हाड मोडतं. तलवार हाती असलेल्यांनीही यावर तोडगा काढला होता. १४१० च्या सुमाराच्या, फिओरे देई लिबेरी या इटालियन तलवारबाजाच्या हस्तलिखितांत चिलखतातले लढवय्ये एका हाताने स्वतःच्याच तलवारीचं पातं मधोमध धरून तिचं टोक भोसकताना दिसतात, भाला आखूड करून वापरावा तसे. चिलखताच्या फटी शोधायच्या तर हीच पकड सोयीची.

खेळाने हेही पकडायचा प्रयत्न केला होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या १९७४ च्या मूळ खेळात सगळ्या हत्यारांना एकच सहापैलू फासा होता, खंजीर काय आणि दुधारी तलवार काय. १९७५ च्या पुरवणीत वेगवेगळे फासे आले. १९७८ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत तर कोणतं हत्यार कोणत्या चिलखतावर किती चालतं याचा तक्ता होता आणि प्रत्येक हत्याराचा वेगही दिलेला होता. वास्तवाच्या जवळ जाणारा, आणि खेळताना जीव नकोसा करणारा. एका घावासाठी तीन पानं उलटायची म्हटल्यावर ते तक्ते पुढे गळून पडले, यात नवल नाही.

गळून पडलेला वेग मात्र मला खटकतो. एक हातोडी घ्या आणि दांड्याच्या टोकाला धरून मनगटाने डावी-उजवीकडे हलवा. मग उलटी करून लोखंडाकडून धरा आणि तसंच करा. वजन तेच, पण हाताला वाटतं वस्तूच बदलली. फिरवण्याला होणारा विरोध, म्हणजे जडत्व आघूर्ण, अंतराच्या वर्गाने वाढतो. एक किलो वजन मुठीपासून २० सेंटिमीटरवर असेल तर जेवढा विरोध, त्याच्या नऊपट तेच वजन ६० सेंटिमीटरवर नेल्यावर. तलवारीचं वजन बरंचसं मुठीजवळ असतं, म्हणून ती हुकली तरी पटकन परत येते. कुऱ्हाडीचं वजन टोकाला. लागली तर चांगलीच लागते, पण हुकली की आपल्यालाच घेऊन पुढे जाते. बारापैलू फाशात तो जोर आहे, मात्र हुकल्यावरचा तो तोल जाणारा क्षण पाचव्या आवृत्तीत कुठेच नाही.

वजनाचंच निघालं म्हणून सांगतो: दोन हातांच्या तलवारी दहा-पंधरा किलोंच्या नसायच्या. साधारण दीड किलो, आणि लढाईतल्या अगदी अवाढव्य तलवारीही दोन ते साडेतीन किलोंच्या. खेळाचा तक्ताही लाँगस्वर्डचं वजन ३ पौंड, म्हणजे १.४ किलोच्या आसपास देतो. चित्रकारांनी तो वाचलेला दिसत नाही.

तक्त्याची सगळ्यात मोठी थाप धनुष्याबद्दलची आहे. खेळात धनुष्य चपळाईवर चालतं, त्यामुळे काटकुळ्या रेंजरच्या (रानात वावरणाऱ्या लढवय्याच्या) खांद्यावर लाँगबो, म्हणजे लांब धनुष्य, हमखास. इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे युद्धनौकांमधलं एक नावाजलेलं जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं गेलं. त्यात सव्वाशेहून अधिक लाँगबो सापडले. त्यांची ओढ, म्हणजे दोरी पूर्ण खेचायला लागणारा जोर, साधारण ४५ किलोंपासून ८० किलोंच्या पुढे असावी असा अंदाज आहे. म्हणजे एक धडधाकट माणूस तीन बोटांनी उचलायचा, धरायचा, नेम साधायचा, आणि हे पुन्हा पुन्हा. जहाजावरच्या बऱ्याच सांगाड्यांत खांद्याचं जे हाड तरुणपणी जुळून यायला हवं, ते जुळलेलंच नव्हतं. वर्षानुवर्षं जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असं अभ्यासक मानतात.

क्रॉसबोची, म्हणजे दांड्यावर आडव्या बसवलेल्या धनुष्याची, गोष्ट याच्या उलट. त्याची ओढ लाँगबोच्या कित्येक पट असू शकते, पण बाणाला मिळणारी ऊर्जा ही बल गुणिले अंतर. लाँगबोची दोरी बाणाला अर्ध्या मीटरहून जास्त ढकलत नेते, मध्ययुगीन क्रॉसबोची साधारण १५ सेंटिमीटर. चौपट ओढ असली तरी हिशेब बरोबरीतच सुटतो. त्याचं भलं इतकंच, की चाक किंवा तरफ वापरून कुणीही तो चढवू शकतो. तुमच्या अशक्त कॅरेक्टरला लांबून मारायचंच असेल, तर भौतिकशास्त्र त्याच्या हातात क्रॉसबो देईल.

राहिला भाला. तक्त्यात तो १ डी ६, दोन हातांनी धरला तर १ डी ८, आणि पल्ला साध्या तलवारीएवढाच, ५ फूट. खऱ्या रणांगणावर शतकानुशतकं सैन्यं ज्याच्या लांबीवर उभी राहिली, त्याची लांबीच काढून घेतलेली! ५ फुटी चौकटींच्या नकाशावर ५ फूट पल्ल्याने भोवतीच्या ८ चौकटी राखता येतात, १० फुटांनी २४. तिप्पट मैदान. आमच्या टेबलावर आम्ही वाद घालून, मतदान घेऊन भाल्याला १० फूट पल्ला दिला. डीएमने, म्हणजे खेळ आणि शत्रू चालवणाऱ्या डंजन मास्टरने, एक शब्दही न बोलता नियम वहीत लिहून घेतला. पुढच्याच लढाईत गॉब्लिन आले ते रांगेने, आणि प्रत्येकाच्या हातात भाला होता.